पिवळ्या पुस्तकाची मूळ प्रत

कुठल्या देशात शिरायला कुठली सुई टोचून घ्यावी लागते ते मला तोंडपाठ आहे. डोंबिवली पूर्वेला, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर, मी गेली सव्वीस वर्षं एका ट्रॅव्हल एजन्सीत कागद तपासते. तिकिटं मालक काढतो, सहली मालकाची बायको विकते आणि कागद माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की फाइल उघडायच्या आधीच मला कळतं, या माणसाचं काहीतरी राहिलंय. त्यात मला आनंद मिळतो, हे मी लपवत नाही.

हजला जायचं तर मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय सौदीचा व्हिसा नाही. जर्मनीत पोराला बालवाडीत घालायचं तर गोवराची लस घेतल्याचा कागद लागतो, नाहीतर आईबापांना दंड. फ्रान्समध्ये कायद्यानेच मुलांच्या लशींची भलीमोठी यादी ठरवून दिलीय. ऑस्ट्रेलिया सक्ती हा शब्द वापरत नाही, फक्त लस नसेल तर मुलामागे सरकारकडून मिळणारे पैसे बंद करते. इंग्लंडात मुलांना कसलीच सक्ती नाही. अमेरिकेत एका राज्यात धर्माचं कारण सांगून सुटता येतं, शेजारच्या राज्यात येत नाही. या सगळ्याचा तक्ता मी स्वतःच्या हाताने करून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

"आपल्याकडे काय नियम?" असं कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे मुलांना लस देण्याची सक्ती नाही, असं सांगितलं की लोकांना ते खरं वाटत नाही. कारण पोलिओचे डोस घेऊन येणारी बाई तीन मजले चढून येते, पोराच्या करंगळीला शाई लावते, आणि कुणी दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन येते. करोनात लस ऐच्छिक होती आणि दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. आपल्याकडे असंच चालतं आणि सक्तीवाचून आपलं काही अडत नाही.

फक्त यलो फिव्हरच्या बाबतीत आपला देश कुणाचंही ऐकत नाही. तो रोग आपल्याकडे नाही. तो पसरवणारे डास मात्र गल्लोगल्ली आहेत, डोंबिवलीत तर जरा जास्तच. आजारी माणूस आला आणि त्याला इथला डास चावला तर पुढे आवरता येणार नाही, म्हणून तो रोग असलेल्या आफ्रिकेतल्या देशांतून येणाऱ्याने लस घेतल्याचं पिवळं पुस्तक विमानतळावर दाखवायचं. नसेल तर सहा दिवस जाळीच्या खोलीत. "मंत्री असो की बापाला खांदा द्यायला आलेला पोरगा असो," हे मी गिऱ्हाइकांना सांगायचे, वर्षानुवर्षं, याच शब्दांत. केनियासारखा देश भारतातून येणाऱ्याला ते पुस्तक विचारतसुद्धा नाही. जाताना कुणी अडवत नाही, येताना आपलेच लोक अडवतात. त्यामुळे माणसं गाफील राहतात.

माझे वडील ठाण्याला एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोकांचे कागद सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर आमचे. घरातल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत त्यांच्या लोखंडी कपाटात असायची. आमच्या वाट्याला यायची ती झेरॉक्स, रंगीत आणि लॅमिनेट केलेली. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती. श्रावणात जानवं बदललं की किल्ली जुन्यातून नव्यात जायची. भटजी मंत्र म्हणत असायचे आणि बाबांचं लक्ष त्या गाठीकडे असायचं. "मूळ प्रत एकदा हातातून गेली की गेली," हे त्यांचं घरातलं एकमेव तत्त्वज्ञान.

मी पंचविशीत असताना मस्कतच्या एका शाळेच्या ऑफिसात माझी निवड होत आली होती. अंधेरीला मुलाखत झाली, त्यांना मी पसंत पडले, आणि दोन दिवसांत डिग्रीची मूळ प्रत आणून दाखवा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाबा म्हणाले, "तुला रंगीत झेरॉक्स काढून दिलेली आहे. मूळ प्रत अंधेरीला जाणार नाही." मी रडले. आई रडली. आईने त्यांच्यापुढे पदर पसरला, अगदी शब्दशः, कपाटासमोर बसून. बाबांनी पेपरची घडी उलटी केली आणि आतलं पान वाचायला घेतलं. नोकरी गेली. तिच्याबरोबर मस्कतमधलंच एक स्थळ आलं होतं, तेही गेलं. वर्षभरात मी पोटमाळ्यावर आले, ती आजतागायत तिथेच आहे.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्यासाठी कपाट उघडायचं. मानपाड्याच्या एमआयडीसीत तो प्लॅस्टिकच्या कारखान्यात होता, तिथून नैरोबीच्या कारखान्यात गेला, तेव्हा बाबा त्याचे सगळे मूळ कागद पिशवीत घालून स्वतः त्याच्याबरोबर हिंडले. लस टोचून घ्यायलाही बरोबर गेले होते. पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा पिवळं पुस्तक बरोबर होतं, विमानतळावर काही अडलं नाही. पण पुस्तकाच्या पाठीवर चहाचा डाग पडला होता. बाबांनी तो डाग दिव्याखाली धरून पाहिला आणि पुस्तक काढून घेतलं. तो परत जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या हातात चकचकीत लॅमिनेट केलेली झेरॉक्स ठेवली.

मी म्हटलं, "बाबा, येताना मूळच लागतं. झेरॉक्स चालत नाही."

"तुझ्या दुकानातलं ज्ञान दुकानात ठेव," बाबा म्हणाले.

भाऊ बॅगेत चकल्यांचा डबा बसवत होता. तो हसला. "टेन्शन नको घेऊ ताई. बघ ना, ओरिजिनलपेक्षा भारी दिसतंय."

मी त्याला जिन्यात गाठून पुन्हा सांगू शकले असते. रिक्षात बसेपर्यंत मी त्याच्याबरोबर होते. सांगितलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. आई त्याच्या आधीच गेली होती. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पुढची पावणेदोन वर्षं मी त्यांना कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. ते काय बोलतात ते इतर कुणाला कळत नसे, मला सगळं कळायचं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. "त्याचा हात हलका आहे," ते म्हणायचे, मी त्यांचं अंग पुसत असताना. ज्याने त्यांना एकदाही पुसलं नव्हतं, झटक्यानंतर जो एकदाही आला नव्हता, त्याचा हात. शेजारीण भेटायला आली की बोट वर करून नैरोबीची दिशा दाखवायचे आणि मला सांगायला लावायचे की सगळं मुलगाच बघतो. मी तसं सांगायचे. रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल असायचा, त्याआधी मी त्यांची दाढी करायचे. मी फार चिडलेली असले की त्यांच्या चहात साखर घालायची नाही. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

मग मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, दोन दिवस, फार तर चार. मी भावाला कळवलं. त्याने मिळेल ते तिकीट काढलं. नैरोबीच्या काउंटरवर त्यांनी तो चकाकता कागद पाहिला आणि सोडलं. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"ताई, मला इथे अडकवलंय. झेरॉक्स चालत नाही बोलतात, ओरिजिनलच पाहिजे."

"लस घेतलेल्या केंद्रावरून लिहून मिळेल का विचार," मी म्हटलं. ऑफिसातल्या आवाजात.

"विचारलं. आज सुट्टी आहे ना, मग शनिवार-रविवार. साहेब चांगला आहे, बोलला पुस्तक आणून दाखवा, लगेच सोडतो. नाहीतर सहा दिवस. ताई, तू गाडी करून ये ना. दीड तासाचं तर काम आहे. बाबा कसे आहेत?"

"आहेत," मी म्हटलं.

मी किल्ली घ्यायला खाटेजवळ गेले. त्यांच्या अंगावरून ती सोडवायची कशी, याचीच मला धास्ती होती. बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आला?"

"विमानतळावर आहे. सोडत नाहीत. पिवळं पुस्तक मागतायत."

बाबांनी डावा हात छातीवर नेला. त्यांनी जानवं चाचपलं, किल्ली शोधली आणि माझ्यापुढे धरली. आई पदर पसरून बसली होती तेव्हा जी हलली नाही ती किल्ली. दोऱ्याची गाठ मला सुटेना, शेवटी मी कात्रीने जानव्याचा दोराच कापला. "तिसरा कप्पा, निळी फाइल," एवढं म्हणाले.

तिसऱ्या कप्प्यात निळी फाइल होती. ती उघडली तर सगळ्यात वर माझी डिग्री. पंचवीस-सव्वीस वर्षांत तिला साधी सुरकुती पडली नव्हती. कोपरे कोरे, शिक्का टवटवीत. तिच्यामागे मस्कतच्या शाळेचं पत्रसुद्धा होतं, तारखेप्रमाणे लावलेलं. त्याच्याखाली एक खाकी पाकीट, आणि पाकिटावर बाबांचं ते छापल्यासारखं अक्षर: मूळ प्रत. कुणालाही देऊ नये. आत पिवळं पुस्तक.

मी फरशीवर बसले. डिग्री एका मांडीवर ठेवली, पाकीट दुसरीवर. खाली जाऊन गाडी बघायला पाच मिनिटं पुरली असती. मी तिथे किती वेळ बसले ते आठवत नाही. राग आला नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण लोक रागावर सगळं ढकलतात. मी दोन्ही कागद होते तसे, त्याच क्रमाने परत ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत घातली.

"मिळालं?" बाबांनी विचारलं.

"नाही तिथे."

"निळी. तिसरा कप्पा."

"बघितलं. नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाला आपण ठेवलेला कागद कुठे आहे हे ठाऊक असतं. मग त्यांना माझ्या गळ्यातली किल्ली दिसली. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "पाकिटावर तुम्हीच लिहिलंय, बाबा. कुणालाही देऊ नये."

त्यांचा चांगला हात उठला आणि परत पडला. मला मारायला उठला की जोडायला, ते एका हातावरून समजत नाही.

भावाला मी सांगितलं, "सापडत नाही रे. कुठे ठेवलंय ते त्यांनाच माहीत." तो म्हणाला, नीट बघ, गादीखाली बघ, देवघरात बघ. मी हो हो म्हटलं. मग तो म्हणाला, "बाबांना दाखव ना, व्हिडिओ कर." मी फोन बाबांपुढे धरला. पलीकडे पांढरी भिंत आणि खिडकीला बारीक जाळी दिसत होती. त्याने हात हलवला. "बाबा, मी आलोय. इथेच आहे. मुंबईत आहे."

बाबा त्याला बघून रडायला लागले, आणि मग जोर लावून बोलायला लागले. "कपाटात आहे. ही देत नाही." दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना लाळ गळली, ती मी पुसली.

"काय बोलतायत, ताई? कळत नाही."

"काळजी घे म्हणतायत," मी म्हटलं.

भावाने तिकडे हात जोडले. "घेतो, बाबा. घेतो काळजी." बाबांनी मान जोरजोरात हलवली, नाही, नाही, आणि त्याला वाटलं की ते होकार देतायत. मी फोन बंद केला.

शनिवारी आणि रविवारी बाबांचा एकच शब्द. जाग आली की, "आला?" मी म्हणायचे, "नाही." पुस्तकाचं त्यांनी परत काढलं नाही. माझ्याकडे मागून काही मिळत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ते शिकायला त्यांना एक दिवस पुरला. मला तेच शिकायला बरीच वर्षं लागली होती. मी त्यांचं सगळं नेमाने केलं. चहा तर त्यांना जातच नव्हता, चमच्याने पाणी घालायचे. भावाचे फोन यायचे, त्याला मी झोपलेत म्हणून सांगायचे. रविवारी त्यांची दाढीही केली, व्हिडिओ कॉल नसताना. हात हलका ठेवला.

सोमवारी दुपारी ते गेले. त्या सकाळीही विचारलं होतं, पण आवाज फुटला नव्हता, ओठ फक्त हलले.

शेजारचे काका चांगले गृहस्थ. ते म्हणाले, "अगं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. हॉस्पिटलच्या शवागारात ठेवता येईल. माझी ओळख आहे तिथे. एकुलता मुलगा आहे, त्याला तोंड तरी बघू दे."

"बाबांना ताटकळत राहिलेलं आवडायचं नाही," मी म्हटलं.

काकांनी मान डोलावली. मुलगी किती समजूतदार आहे, असं त्यांच्या बायकोने जिन्यात कुणालातरी सांगितलेलं मी ऐकलं. अग्नी मी दिला. भटजींनी जरा कुरकुर केली, मग दर्भ माझ्या बोटात घातला. काकांनी मोबाइल उंच धरला होता. भाऊ जाळीच्या खोलीत कॉटवर मांडी घालून बसला होता आणि मध्येमध्ये रेंज जाऊन त्याचा रडका चेहरा तसाच थिजून राहायचा. जानवं बाबांबरोबर गेलं, कापलेलं, गाठ मारून ठेवलं होतं मी. त्यावर किल्ली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी दुपारी तो घरी आला. सहा दिवसांत त्याला साधा तापही आला नव्हता. येणारच नव्हता, लस घेतलेली होती. तो रिकाम्या खाटेवर बसला आणि बराच वेळ गादीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू केवढं शोधलं असशील. ते कुठे ठेवायचे ते देवालाच माहीत." त्याने पुस्तकाचा दोष बाबांना देऊन टाकला, आणि मी तो त्यांच्याकडेच राहू दिला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या फोननंतर विचारत होते का गं मला?"

"नाही," मी म्हटलं. "नंतर शुद्धच नव्हती."

हे त्याला लागावं म्हणूनच मी बोलले होते. पण त्याने मोठा श्वास सोडला. "बरं झालं मग. वाट बघत नाही गेले. त्या खोलीत मी तेवढाच विचार करत होतो, की बाबा दाराकडे डोळे लावून असतील." आणि त्याचा चेहरा मोकळा झाला, लहानपणी परीक्षा संपल्यावर व्हायचा तसा.

मला ते बघवलं नाही. त्याला हलकं वाटावं म्हणून मी हे सगळं केलं नव्हतं.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं. "विचारत होते. जाग आली की पहिला शब्द तोच. सोमवारी सकाळीसुद्धा विचारलं."

तो आवाज न करता रडला, तोंडात उशीचं टोक धरून. मी उठून चहा ठेवला.

लस घेतलेल्या केंद्रावरून त्याने पुस्तकाची दुय्यम प्रत काढून घेतली. केंद्राची सुट्टी तेव्हा संपली होती, स्वतः जाऊन अर्ज केल्याबरोबर ती मिळाली. यलो फिव्हरची ती लस आता हयातभर चालते, पुस्तकाला मुदत नाही. तो ते पुस्तक शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो, झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाही. मूळ प्रत अजून तिसऱ्या कप्प्यात आहे, माझ्या डिग्रीखाली. किल्ली माझ्या गळ्यात आहे. हे त्याला मी सांगितलेलं नाही, आणि पोटमाळ्यावर बसून येणाऱ्या गिऱ्हाइकाला "बापाला खांदा द्यायला आलेला पोरगा" हे वाक्य मी अजूनही म्हणते. न म्हणायला काही कारण सुचत नाही.

वर्षश्राद्धाला तो आला तेव्हा बाबांचा फोटो घेऊन आला. रंगीत प्रिंट, मोठ्या आकाराची, चांगली जाड लॅमिनेट केलेली. स्वतःच्या हाताने त्याने ती कपाटाच्या वर भिंतीला ठोकली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता की बाबांची वाचा गेली होती, तरी शेवटचं त्याच्याशीच बोलले. फोटोखाली त्याने ते शब्द छापून घेतलेत. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने तो पुसते. त्यावर लिहिलंय, काळजी घे.